तारेवरच्या पारव्यावरून सारसाचा हिशेब लागत नाही

बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. गणेशमंडळाचा ग्रुप, सोसायटीचा, शाळेतल्या जुन्या मित्रमैत्रिणींचा, सगळीकडे तोच. थोडक्यात असा: "तारेवर रोज शेकडो कबुतरं बसतात, एकाला तरी शॉक लागलेला पाहिलात का? पक्ष्यांची नजर आपल्याहून कितीतरी तीक्ष्ण, ते एवढ्या तारेवर आपटतील कसे? तारांखाली मेलेले पक्षी कधी कुणाला दिसतात? खरे मारेकरी म्हणजे मांजरं आणि पतंगाचा मांजा. विजेच्या तारांनी पक्षी मरतात ही सोलर आणि विकास अडवण्यासाठी उठवलेली आवई आहे. यांचं ऐकून सगळ्या तारा जमिनीखाली घातल्या तर घराघरांत अंधार होईल." आणि शेवटी, पुढे पाठवा.

हा मजकूर पाठवणाऱ्यांत उन्हाळ्यात गच्चीवर पक्ष्यांसाठी पाण्याची कुंडी ठेवणारी माणसं आहेत. त्यांना पक्ष्यांचं वावडं नाही. मजकुरातलं एकेक वाक्य ऐकताक्षणी पटतं, म्हणून ते पाठवतात. तेव्हा एकेक वाक्य घेऊनच बोलू.

कबुतराला शॉक लागत नाही, हे खरं आहे. एकाच तारेवर दोन्ही पाय असले की त्याच्या अंगातून वीज जायला वाट नसते. वाट मिळते ती दोन ठिकाणी एकदम स्पर्श झाला तर: एक तार आणि दुसरी तार, किंवा तार आणि जमिनीला जोडलेला लोखंडी भाग. कबुतर, साळुंकी, कोतवाल, वेडा राघू यांचं अंग एवढंसं असतं की दोन ठिकाणी पोचणं त्यांना सहसा जमतच नाही.

आता डभोई रस्त्याला शेताच्या कडेला उभा असलेला कुठलाही 11 केव्हीचा, म्हणजे 11 हजार व्होल्टचा, पोल जरा थांबून पाहा. सिमेंटचा खांब, वर आडवा लोखंडी क्रॉस आर्म, त्याच्यावर वीज अडवणारा पिन इन्सुलेटर आणि इन्सुलेटरच्या डोक्याला बांधलेली उघडी तार. तार आणि क्रॉस आर्म यांच्यात अंतर जेमतेम वीत-दीड वीत. हा क्रॉस आर्म अर्थ केलेला असतो, म्हणजे तो विजेच्या लेखी जमीनच. त्याच्यावर बसलेला पक्षी जमिनीवरच उभा आहे आणि जिवंत तार त्याच्या खांद्याशी आहे. डीपी असेल, म्हणजे दोन खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर, तर परिस्थिती आणखी वाईट. तिथे जंपर (तारा जोडणारे तुकडे), फ्यूज, स्विच असं सगळं उघडं सामान दाटीवाटीनं बसवलेलं असतं. घारीचे पंख पसरले की सव्वा ते दीड मीटर भरतात. मोकळ्या शेतात उंच बैठक म्हणून घार, गरुड, घुबड हे नेमके याच खांबांवर येतात, कारण झाडं आपण तोडलीत. पंख कोरडे असताना विजेला बरेच अडवतात, पण भिजलेले पंख अडवत नाहीत.

आमच्या ओळखीचे एक काका जीईबीतून, म्हणजे गुजरातच्या जुन्या वीजमंडळातून, निवृत्त झाले आहेत. हा मजकूर त्यांनीही पुढे पाठवला होता. मी त्यांना फोन करून एवढंच विचारलं, "काका, क्रॉस आर्मवर मोर बसला तर?"

"मोर? अगं, मोर बसला आणि उडताना पंख तारेला लागला की फीडर, म्हणजे त्या भागाची अख्खी लाईन, गेलाच म्हणून समज. पावसाळ्यात तर विचारूच नको. मोर, वटवाघळं, माकडं. लाइनमनला विचार, तो सांगेल."

काकांना हे माहीत होतं. फक्त त्यांच्या डोक्यात तो "फॉल्ट" होता, पक्ष्याचा मृत्यू नव्हता. वीजखात्यातल्या पुष्कळ लोकांचं असंच आहे. त्यांच्या इतकी माहिती दुसऱ्या कुणाकडे नाही, ती वेगळ्या नावाखाली नोंदली जाते इतकंच.

शॉक हा या विषयाचा अर्धाच भाग आहे. तो मुख्यतः 11 ते 33 केव्हीच्या लाईनवर लागतो. मोठ्या मनोऱ्यांवरच्या 220, 400, 765 केव्हीच्या तारा एकमेकींपासून इतक्या लांब असतात की पक्ष्याला शॉक लागण्याचा संभव फारसा उरत नाही. तिथे पक्षी मरतात ते धडकून. तारेत वीज असो वा नसो, धडक ती धडकच.

इथे मजकुरातलं दुसरं वाक्य येतं, तीक्ष्ण नजरेचं, आणि यावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण सगळा गैरसमज इथेच रुतलेला आहे. पक्ष्याची नजर तीक्ष्ण असते, पण ती कुठल्या दिशेला असते हा खरा प्रश्न आहे. माळढोक, सारस, करकोचे यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यांना बाजूचं आणि खालचं उत्तम दिसतं, आणि जमिनीवर राहून, कोल्हा-कुत्र्यांपासून जीव वाचवत, दाणे-किडे टिपणाऱ्या पक्ष्याला तेच हवं असतं. थेट समोर मात्र दोन्ही डोळ्यांनी दिसणारी पट्टी फार अरुंद असते. ग्रॅहम मार्टिन आणि जेसिका शॉ या संशोधकांनी 2010 मध्ये आफ्रिकेतल्या पक्ष्यांची ही दृष्टी मोजून दाखवली. आपल्या माळढोकाचा भाऊबंद असलेल्या कोरी बस्टर्डनं उडताना मान फक्त 25 अंश खाली केली, तर पुढच्या दिशेला त्याला काहीही दिसत नाही. निळ्या क्रौंचाच्या बाबतीत हा आकडा 35 अंश. आणि उडणारा पक्षी मान खाली करणारच. खाली पाणी कुठे आहे, थव्यातले बाकीचे कुठे उतरलेत, पीक कुठे कापलंय हे तो बघत असतो. लाखो वर्षं त्याच्या वाटेत, त्या उंचीवर, आभाळात काहीच आडवं नव्हतं.

त्यात वजनाची भर. माळढोकाचा नर दहा-पंधरा किलोचा असतो. उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यात उंच असलेला सारस, त्याचे पंख सव्वादोन-अडीच मीटरचे. तार अगदी शेवटच्या क्षणी दिसली तरी यांना झटकन वळता येत नाही. खचाखच भरलेली एसटी रिक्षासारखी वळत नाही, तसंच. मोठ्या मनोऱ्यांवर सगळ्यात वर एक बारीक तार असते, वीज पडण्यापासून लाईन वाचवणारी अर्थ वायर. पुष्कळदा पक्ष्याला खालच्या जाड तारा दिसतात, त्या चुकवायला तो वर उठतो आणि त्या बारीक तारेवर आदळतो. पहाटेचं धुकं, संध्याकाळचा संधिप्रकाश, रात्रीची उड्डाणं अशा वेळी तर तीक्ष्ण नजर काय कामाची? रोहित पक्षी रात्री प्रवास करतात. बदकं आणि हंसही.

तिसरं वाक्य: मेलेले पक्षी कुठे दिसतात? मला याचा राग येत नाही, कारण खरंच दिसत नाहीत. पण का दिसत नाहीत ते पाहा. मोठ्या लाईन शहरातून जात नाहीत, शेतं, माळ, खाजण आणि रण यांतून जातात. तिथे पडलेला पक्षी रात्री कोल्हे, कुत्री, मुंगूस उचलतात, सकाळी कावळे. उभ्या भाताच्या शेतात पडला तर कापणीपर्यंत कुणाला कळत नाही. जखमी झालेला पक्षी कुठेतरी लांब जाऊन मरतो.

म्हणून ज्यांना खरंच मोजायचं असतं ते तारांखालून पुन्हा पुन्हा चालतात. भारतीय वन्यजीव संस्थेच्या लोकांनी राजस्थानात थरच्या वाळवंटात 80 किलोमीटर लाईनखाली वर्षभर अशी पाहणी केली. त्यांना सुमारे 40 जातींच्या 289 पक्ष्यांचे अवशेष सापडले, त्यात माळढोकही होता. किती अवशेष जनावरं उचलून नेतात आणि किती शोधणाऱ्याच्या नजरेतून सुटतात हे धरून त्यांनी जो अंदाज बांधला, तो त्या 4,200 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात वर्षाला सुमारे 84 हजार पक्ष्यांचा आहे. अंदाज आहे, मोजदाद नव्हे, हे मान्य. पण तो पायी चालून बांधलेला अंदाज आहे. "मला दिसले नाहीत" या मोजमापाशी त्याची बरोबरी होऊ शकत नाही.

आपल्या जवळचं सांगायचं तर कच्छच्या खडीर बेटाजवळ 2011 मध्ये रोहित पक्षी तारांवर धडकून मोठ्या संख्येनं मेले. उजाड, सपाट रणात पडल्यामुळे ते दिसले, म्हणून बातमी झाली. गुजरातमधल्या रोहितांच्या अशा मृत्यूंवर त्याच वर्षी संशोधकांचा निबंधही प्रसिद्ध झालेला आहे. म्हणजे "आवई" ही गुजरातमध्येच, शास्त्रीय पद्धतीनं, नोंदली गेली आहे.

आता मांजरं. अमेरिकेतले आकडे उपलब्ध आहेत: तिथे मांजरं वर्षाला 130 ते 400 कोटी पक्षी मारतात असा अंदाज आहे, आणि विजेच्या तारा सव्वा ते साडेसहा कोटींच्या दरम्यान. मजकूर लिहिणारा इथे बरोबर आहे, मांजरं कितीतरी जास्त मारतात. पण कोणते? चिमण्या, छोटे दयाळ, रानातले बारके पक्षी. सारस मारणारं मांजर मी ऐकलेलं नाही. तारांवर मरतात ते मोठे, संथपणे वाढणारे, कमी पिल्लं काढणारे पक्षी. माळढोकाची मादी साधारणपणे एकच अंडं घालते. सारसाची जोडी सहसा दोन घालते, त्यातलं पिल्लू मोठं होईल याची खात्री नसते. उत्तर प्रदेशात इटावा आणि मैनपुरी जिल्ह्यांत झालेल्या, 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं आढळलं की तिथल्या सारसांपैकी दरवर्षी जवळजवळ एक टक्का फक्त तारांनी मरतात. एक टक्का ऐकून खांदे उडवू नका. जो पक्षी दीर्घायुषी आहे आणि ज्याची भर हळूहळू पडते, त्याच्या संख्येतून दरवर्षी हा वरचा एक टक्का जात राहिला तर ती भरपाई करायला पिल्लं पुरत नाहीत.

आणि माळढोक? संपूर्ण देशात दीडशेच्या आत उरलेत, जवळजवळ सगळे राजस्थानात. आपल्या गुजरातेत कच्छच्या अबडासा भागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माद्या राहिल्या. तिथे एक माळढोक तारेवर आपटला तर चिमण्यांच्या कोटींशी त्याची तुलना करून काय सिद्ध होतं?

मांज्याबद्दल मात्र मला वाद घालायचा नाही. उत्तरायणला बडोद्याच्या आभाळात काय होतं ते आपण सगळेच पाहतो, आणि 10 ते 20 जानेवारीच्या करुणा अभियानात जखमी पक्षी घेऊन धावणाऱ्या मुलामुलींना माझा नमस्कार. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या. कापलेला मांजा जाऊन अडकतो कुठे? झाडांवर आणि तारांवर. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी, कुठेही होळीपर्यंत मान वर करून पाहा, गुंते लोंबत असतात. त्यात पाय किंवा पंख अडकलेली घार तारेला उलटी लटकून तडफडते. तिला मांज्याच्या खात्यात टाकायचं की तारेच्या? ही दोन संकटं एकमेकांना मदत करतात, एक दाखवून दुसरं लपवता येत नाही.

राहिला सगळ्यात वजनदार आरोप: हे सगळं सोलरविरुद्धचं कारस्थान आहे. निवृत्त आयएएस अधिकारी आणि वन्यजीवतज्ज्ञ एम. के. रणजितसिंह यांनी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात माळढोकासाठी याचिका केली. हे वांकानेरचे, म्हणजे गुजरातचेच. 19 एप्रिल 2021 रोजी न्यायालयानं माळढोकांच्या भागातल्या तारा शक्य तिथे जमिनीखाली घाला असा आदेश दिला. क्षेत्र फार मोठं होतं, जवळपास 99 हजार चौरस किलोमीटर. सरकारनं अडचणी मांडल्या, आणि 21 मार्च 2024 रोजी न्यायालयानं तो सरसकट आदेश बदलला, तज्ज्ञांची समिती नेमली, आणि हवामानबदलाशी लढायला सोलर-पवनऊर्जाही हवी असं स्पष्ट म्हटलं. डिसेंबर 2025 मध्ये समितीच्या शिफारशी मान्य झाल्या, तेव्हा प्राधान्याचं क्षेत्र राजस्थानात 14,013 आणि गुजरातेत 740 चौरस किलोमीटर ठरलं. कारस्थान असं दिसतं का? 99 हजारांवरून 15 हजारांच्या आत आलेला, दोन्ही बाजू ऐकून ठरवलेला हा तोडगा आहे.

मी स्वतः सोलरच्या बाजूची आहे. आमच्या गच्चीवर पॅनल आहेत. खावड्याला 30 गिगावॅटचा प्रचंड ऊर्जा प्रकल्प उभा राहतो आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण तो कच्छच्या मोठ्या रणाच्या कडेला आहे, आणि त्याच रणात रोहितांची भारतातली सगळ्यात मोठी वीण होते. तिथून निघणारी वीज तारांवरूनच देशभर जाणार. कच्छमधल्या लाकडियाहून 765 केव्हीची लाईन थेट आपल्या बडोद्यापर्यंत आलेली आहेच. अशा लाईन पुढच्या वर्षांत वाढत जाणार. मार्ग आखतानाच पाणथळी आणि उड्डाणाच्या वाटा टाळल्या, तर नंतर काही बदलावंच लागत नाही. हा प्रश्न आज विचारायचा नाही तर कधी?

"सगळ्या तारा जमिनीखाली" असं मुळात कुणी म्हटलेलंच नाही. मृत्यू सगळीकडे सारखे होत नाहीत. थोड्या लाईनवर, ठरावीक खांबांवर ते एकवटलेले असतात. सुदानमध्ये पोर्ट सुदानजवळ 1950 च्या दशकात उभारलेली 31 किलोमीटरची एकच लाईन होती. तिच्या खांबांवर काही दशकांत शेकडो, कदाचित हजारो पांढरी गिधाडं शॉकनं मेली. 2014 मध्ये ती बंद करून सुरक्षित लाईन टाकली. एक लाईन, 31 किलोमीटर. उपाय करायला सगळा देश खणावा लागला नाही.

उपाय जागेप्रमाणे वेगळे असतात. शॉकवरचा उपाय सगळ्यात स्वस्त आहे: क्रॉस आर्मजवळच्या तारेच्या तुकड्यावर इन्सुलेशनची नळी, जंपरना झाकण, नवी लाईन टाकताना तारांत जास्त अंतर, शक्य तिथे उघड्या तारेऐवजी आवरण असलेली केबल. धडकेवरचा उपाय म्हणजे तारेवर ठरावीक अंतरानं लावलेल्या चकत्या किंवा स्प्रिंगसारखी वेटोळी, बर्ड डायव्हर्टर. जगभरातले अभ्यास एकत्र पाहिले तर यांनी धडका सरासरी निम्म्यानं कमी होतात. दक्षिण आफ्रिकेत निळ्या क्रौंचांच्या धडका तर 92 टक्क्यांनी घटल्या. पण त्याच प्रयोगात बस्टर्डवर काहीही परिणाम झाला नाही, कारण मान खाली असताना चकती दिसणार कशी? म्हणूनच माळढोकाच्या भागासाठी 2023 च्या केंद्रीय नियमांत 33 केव्ही आणि त्याखालच्या लाईन जमिनीखालून आणि त्यावरच्या लाईनना डायव्हर्टर अशी विभागणी आहे. 765 केव्हीची लाईन जमिनीत घाला असा आग्रह नियमही धरत नाही, मीही धरत नाही.

आपल्या भागापुरतं बोलायचं तर माझी नजर दोन ठिकाणी जाते. एक खेडा जिल्हा, मातर आणि परिएजच्या बाजूचा भाताचा पट्टा, जिथे सारस शेतात घरटी करतात आणि पंपांच्या 11 केव्हीच्या लाईन त्याच शेतांवरून आडव्यातिडव्या गेलेल्या आहेत. दुसरं आपलं वढवाणा. सयाजीराव महाराजांच्या काळात 1910 मध्ये सिंचनासाठी बांधलेला हा तलाव 2021 मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारी मोठी लालसरी आणि इतर बदकं पहाटे तलाव आणि शेतं यांच्यात ये-जा करतात. तलावाच्या चहूबाजूंच्या तारांची एकदा नीट पाहणी व्हावी आणि ज्या थोड्या पट्ट्यांवरून थवे खाली उतरतात तिथे डायव्हर्टर लागावेत, इतकी साधी मागणी आहे.

आणि ही मागणी करायला बडोद्याइतकं योग्य गाव नाही. गुजरातच्या विजेचा कारभार रेसकोर्सवरच्या विद्युत भवनातून चालतो. मकरपुऱ्याला विजेच्या सामानाची चाचणी करणारी एर्डासारखी संस्था आहे. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यांत आणि जुन्या जीईबीत आपल्या मराठी घरांच्या दोन-दोन पिढ्या गेल्यात. इन्सुलेटरची उंची किती ठेवावी, जंपर कसा झाकावा हे ज्यांना झोपेत सांगता येईल, ती माणसं आपल्याच ग्रुपांत आहेत.

काकांनी मला शेवटी विचारलं, "बरं, मग मी काय करू ते सांग." मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. खांबाखाली मेलेला पक्षी दिसला तर त्याला किंवा खांबाला हात लावायचा नाही, पक्षी तारेला लटकत असेल तर काठीनं काढायला तर मुळीच जायचं नाही. लांबून फोटो घ्यायचा, त्यात पक्षी आणि पोलवर रंगवलेला नंबर दोन्ही यायला हवेत, आणि तो वीजकचेरीला आणि वनखात्याला दोघांनाही पाठवायचा. जिवंत, जखमी असेल तर 1962 या पशुपक्ष्यांच्या मदत क्रमांकाला फोन. त्याच पोलवर दुसऱ्यांदा पक्षी मेला तर पहिल्या तक्रारीची तारीख जोडून पुन्हा लिहायचं, कारण एकाच नंबरच्या दोन तक्रारी असल्या की कुठलाही इंजिनिअर तो पोल बघायला माणूस पाठवतो. काकांनी जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर हे टाकलं आहे.